चाल कोणाची, गळा कोणाचा?

संगीताच्या रसिकांमध्ये एक वाद कधीच मिटत नाही. एखादे पद, भावगीत किंवा अभंग मूळ गायकाने गायला तोच खरा, की नंतरच्या एखाद्या गायकाने त्यात नवा प्राण ओतला? भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनाच्या कडेने संध्याकाळी फेरफटका मारणाऱ्या मंडळींत हा वाद जितक्या जोराने रंगतो, तितक्याच जोराने तो पुण्यातल्या मैफलीच्या मध्यंतरात आणि मुंबईच्या लोकलमध्येही रंगतो. कोणी म्हणतो, बालगंधर्वांनंतर ते पद कोणी गाऊच नये. दुसरा म्हणतो, बालगंधर्व मला कळले ते कुमार गंधर्वांनी गायल्यावर. तिसऱ्याला दोघांशीही कर्तव्य नसते. अमुक साली अमुक नाट्यगृहात ऐकलेला एक आलाप त्याच्या मनात घर करून असतो आणि त्यापुढे त्याला सारी ध्वनिमुद्रणे फिकी वाटतात.

या गप्पांना रिकामटेकड्यांचा उद्योग समजण्याचे कारण नाही. गाणे कोणाचे, ते पुन्हा गाण्याचा अधिकार कोणाला, मूळ कर्त्याला त्यातून काय मिळावे आणि जे मुद्रित झालेच नाही त्याची आठवण कोणी जतन करावी, हे चारही प्रश्न या गप्पांच्या पोटात दडलेले आहेत. ते आज अधिक निकडीचे झाले आहेत. लग्नसमारंभात वाजणाऱ्या गाण्यांसाठी परवान्याचे पैसे मागता येतात काय, या वादावर केंद्र सरकारच्या संबंधित खात्याला जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढावी लागली. त्याच धर्तीवर गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी रद्द ठरविले. इकडे जानेवारी २०२५ मध्ये 'संगीत मानापमान' चित्रपटरूपाने पडद्यावर आले आणि जुन्या ठेव्याला हात लावावा की लावू नये, ही चर्चा पुन्हा घरोघरी झाली. तेव्हा या विषयाचा थोडा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

पहिला प्रश्न 'मूळ' म्हणजे काय, हाच. ज्याला आपण मूळ गाणे म्हणतो ते बहुतेक वेळा मूळ ध्वनिमुद्रण असते आणि या दोहोंत फार मोठे अंतर आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. रंगभूमीवर मात्र तेच पद 'वन्स मोअर'च्या गजरात दहा मिनिटेही चाले, अर्धा तासही चाले, आणि दोन रात्रींचे गाणे कधी सारखे नसे. म्हणजे तबकडीवरचे बालगंधर्व हे रंगमंचावरच्या बालगंधर्वांचे संक्षिप्त रूप होते. त्या संक्षेपालाच प्रमाण मानून पुढच्या गायकांना 'तुम्ही मूळ बिघडविले' असे बजावणे म्हणजे पत्रिकेवरून लग्नसोहळ्याची परीक्षा करण्यासारखे आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की मराठी संगीत रंगभूमीचा पायाच मुळी पुन्हा गाण्यावर उभारला गेला. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगमंचावर आले आणि 'सौभद्र' १८८२ मध्ये. त्यांतील पदांच्या चाली बहुतांशी लोकांच्या कानावर आधीच असलेल्या होत्या. त्यांत साकी-दिंडी होती, कीर्तनातली पदे होती, कर्नाटकातून आलेली गाणीही होती. १९११ च्या 'मानापमान'साठी गोविंदराव टेंबे यांनी उत्तरेकडील ठुमरी-कजरीचा मोहक बाज मराठी पदांत आणला. १९१६ च्या 'स्वयंवर'साठी भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशी मराठी शब्दांच्या अंगाला बेमालूम बसविल्या. ज्या पदांना आज आपण अस्सल मराठी म्हणून डोक्यावर घेतो, त्यांतील कित्येकांचा जन्म दुसऱ्या कोणत्या तरी गाण्याच्या पोटी झालेला आहे.

परंतु त्या काळच्या मंडळींनी एक रीत पाळली होती, जी आज आपण विसरलो आहोत. जुन्या संगीत नाटकाचे पुस्तक उघडून पाहावे. पदाच्या डोक्यावर राग आणि ताल यांच्या जोडीने 'चाल' असा शब्द छापलेला आढळतो आणि त्यापुढे ज्या गाण्यावरून ती चाल घेतली त्याचे आरंभीचे शब्द दिलेले असतात. नटाला व पेटीवाल्याला चाल कळावी हा तिचा व्यावहारिक उपयोग झाला. परंतु तिच्यात एक सचोटीही होती. घेतलेली वस्तू घेतली असे सांगून घेण्यात कोणालाही कमीपणा वाटत नसे. इकडे कोकणात ही रीत तोंडी स्वरूपात दीर्घकाळ टिकली. डबलबारीच्या भजनात बुवा एखाद्या चित्रपटगीताच्या चालीवर गजर उभा करतो, तेव्हा समोरच्या श्रोत्यांना मूळ गाणे ठाऊक असते आणि ती ओळख पटण्यातच अर्धी गंमत असते. जाखडीतले शक्तीवाले-तुरेवालेही तेच करतात. ही चोरी नव्हे. उघडउघड घेतलेली ही उसनवारी असते आणि श्रोता तिचा साक्षीदार असतो.

पुन्हा गाणे मुळाच्या पुढे कसे जाऊ शकते, याचे सर्वांत ठळक उदाहरण 'गीतरामायणा'चे आहे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ते सुरू झाले आणि वर्षभर चालले. ग. दि. माडगूळकरांची छप्पन गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत. त्या प्रक्षेपणात सारी गीते फडके यांनी गायली नव्हती. सीतेची गीते माणिक वर्मा यांनी गायली. वसंतराव देशपांडे, सुरेश हळदणकर, राम फाटक, ललिता फडके असे अनेक आवाज त्यात होते. पुढे फडके यांनी छप्पनही गीते आपल्या एकट्याच्या गळ्यातून गायली, तबकड्या निघाल्या, गावोगाव कार्यक्रम झाले आणि आज बहुतेक मराठी माणसाच्या कानात गीतरामायण म्हणून जे वाजते ते हे दुसरे रूप होय. येथे पुन्हा गाणाऱ्यानेच मुळाला झाकून टाकले, आणि पुन्हा गाणारा स्वतःच संगीतकार असल्यामुळे त्याला कोणी दोष देऊ शकत नाही. पण म्हणून माणिक वर्मांची सीता विसरून जावी काय? ज्यांनी ते प्रक्षेपण रेडिओपुढे बसून ऐकले ती पिढी आज ऐंशीच्या घरात किंवा तिच्या पुढे आहे. त्यांच्या स्मरणातला फरक त्यांच्याबरोबर जाणार असेल, तर तो केवळ एका घराचा तोटा ठरणार नाही.

येथे प्रत्यक्ष मैफलीच्या आठवणीचे मोल ध्यानात येते. जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी संस्था त्यासाठी एकत्र आल्या; बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव भोसले धैर्यधर. त्याच वर्षी, काही महिन्यांतच, केशवराव ऐन तारुण्यात निवर्तले. नाट्यगृहातला चालू प्रयोग मुद्रित करण्याची सोय तेव्हा नव्हती. तरीही शंभर वर्षे उलटल्यावर मराठी माणूस त्या रात्रीविषयी बोलतो, ते कशाच्या बळावर? ज्यांनी तो प्रयोग पाहिला त्यांनी तो सांगितला, ज्यांनी ऐकला त्यांनी लिहून ठेवला, आणि ते लेख वाचून पुढच्यांनी पुन्हा सांगितला, एवढ्याच बळावर. रसिकांच्या गप्पा हेच तिथे दप्तर ठरले.

रत्नागिरीला तर याचे स्मरण करून देण्याची गरज पडू नये. स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात येथे स्थानबद्ध होते. त्यांचे 'संन्यस्त खड्ग' हे नाटक १९३१ मध्ये बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. त्याच्या पदांना चाली दिल्या सावंतवाडी भागातून आलेल्या रामकृष्णबुवा वझे यांनी, आणि मास्टर दीनानाथांच्या तेजस्वी गळ्याने ती पदे महाराष्ट्रभर नेली. दीनानाथ १९४२ मध्ये गेले. त्यांच्या मोजक्या तबकड्या उरल्या. परंतु त्या गायकीचा धागा तुटला नाही, कारण ती पदे पुढच्या गायकांनी पुन्हा पुन्हा गायली. वसंतराव देशपांडे तर लहानपणी दीनानाथांच्या गाण्याने भारलेले होते. पुढे त्यांच्या गाण्यातली आक्रमक झेप ऐकताना जाणकारांना दीनानाथ आठवत. १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली'मध्ये जितेंद्र अभिषेकींच्या चाली वसंतरावांनी गायल्या आणि २०१५ च्या चित्रपटात त्यांचे नातू राहुल देशपांडे यांचा आवाज त्याच परंपरेत ऐकू आला. एका गळ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा हा प्रवास आहे. कोणी तरी पुन्हा गाण्याचे धाडस केले नसते, तर तो पहिल्याच मुक्कामावर संपला असता.

एवढे सांगितल्यावर नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पुन्हा गाणे नेहमीच आदरापोटी होते असे नाही. अमेरिकेत १९५५ मध्ये लिटल रिचर्ड या कृष्णवर्णीय गायकाचे 'टुट्टी फ्रुटी' हे गाणे गाजू लागले आणि पुढच्याच वर्षी पॅट बून या गोऱ्या गायकाने ते गाऊन खपाच्या यादीत मूळ गायकापेक्षा वरची जागा मिळविली. वर्णभेदाने दुभंगलेल्या त्या समाजात अनेक कृष्णवर्णीय कलावंतांच्या वाट्याला हेच आले. गाणे त्यांचे, परंतु बाजारपेठ दुसऱ्याची. आपल्याकडे १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटचा सुळसुळाट झाला, तेव्हा टी-सीरिजसारख्या नव्या कंपन्यांनी जुनी चित्रपटगीते नव्या आवाजांत काढली. त्यातून अनुराधा पौडवाल, सोनू निगम यांच्यासारख्या गायकांना वाव मिळाला आणि खेड्यापाड्यांतल्या माणसाला परवडेल अशा किमतीत गाणी मिळाली, हा लाभच. पण कित्येक कॅसेटच्या वेष्टनावरून मूळ गायक कोण हे कळत नसे, आणि कधी नावाच्या ठळक अक्षरांनी ग्राहकाची फसगतही होई.

कायद्याने या बाबतीत मध्यम मार्ग काढला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ठराविक मुदतीनंतर, सूचना देऊन व मानधन भरून, गाणे नव्याने मुद्रित करण्याची मुभा होती. २०१२ च्या दुरुस्तीने ती अधिक काटेकोर केली. मूळ मुद्रण ज्या वर्षी झाले ते संपल्यापासून पाच वर्षे थांबावे लागते. मानधन आगाऊ भरावे लागते. हे मुद्रण नव्याने गायलेले आहे असे वेष्टनावर स्पष्ट लिहावे लागते. आणि ग्राहक गोंधळेल अशा रीतीने मूळ गायकाचे नाव वा छायाचित्र छापता येत नाही. शब्द-स्वरांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. या हिशेबाने खाडिलकर आणि गोविंदराव टेंबे यांचे 'मानापमान' केव्हाच सर्वांचे झाले. 'संन्यस्त खड्ग'च्या शब्दांवरील हक्काची मुदत २०२६ अखेर पुरी होते. आणि माडगूळकरांचे शब्द, ते १९७७ मध्ये निवर्तले असल्याने, २०३७ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. गावच्या हौशी मंडळाने विनामूल्य श्रोत्यांसमोर गाणे किंवा धार्मिक संस्थेच्या साहाय्यार्थ कार्यक्रम करणे याला कायद्याने सूट दिली आहे. तिकीट लावून कार्यक्रम केला की मात्र परवान्याचा प्रश्न येतो, हे आयोजकांनी ध्यानात ठेवावे. कवीच्या व संगीतकाराच्या वारसांना चार पैसे मिळावेत यात गैर काहीच नाही. ज्या कार्यक्रमात मंडपवाल्याचे आणि ध्वनिक्षेपकवाल्याचे बिल मुकाट्याने दिले जाते, तेथे शब्दांचे व स्वरांचे मोल देताना कुरकुर का व्हावी?

परंतु कायद्याच्या पलीकडेही सभ्यतेचा एक भाग उरतो आणि तेथे आपण कमी पडतो. गावोगावच्या जुन्या गीतांच्या कार्यक्रमांत निवेदक गायकाचे कौतुक करतो, प्रायोजकाचे नाव चार वेळा घेतो. परंतु कवी कोण व संगीतकार कोण हे सांगायचे राहून जाते. लोकगीतांची स्थिती तर त्याहून वाईट. ज्या गाण्याचा कर्ता शोधण्याचा कंटाळा येतो, त्यावर 'पारंपरिक' असा शिक्का मारून मोकळे होता येते. कोळीगीत असो वा नमन-खेळ्यांतले पद, ते कोणत्या तरी माणसाने, कोणत्या तरी गावात रचलेले असते. राजिवड्याच्या किंवा भाट्याच्या एखाद्या वाडीतल्या रचनाकाराचे नाव शोधले तर सापडण्याचा संभव असतो. न शोधता 'पारंपरिक' म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

दुसरी चिंता साथसंगतीची आहे. अलीकडे शहरांतून आणि मोठ्या गावांतून कराओकेची मंडळे निघाली आहेत. निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, गृहिणी तेथे हौसेने गातात. आयुष्यभर दबून राहिलेली गाण्याची आवड त्यांना भागविता येते, ही आनंदाचीच गोष्ट होय. त्यांची टिंगल करण्यात कसलाही मोठेपणा नाही. परंतु यंत्रातले संगीत गायकासाठी थांबत नाही. गायकाने एखादी जागा लांबविली तर तबलजी सांभाळून घेतो, यंत्र पुढे निघून जाते. त्यामुळे गायक हळूहळू मूळ मुद्रणाची छाया होऊन बसतो. शिवाय पेटी, तबला, व्हायोलिन वाजविणाऱ्या स्थानिक वादकाला मिळणारी बिदागी बंद होते. वादकांची एक पिढी उपजीविकेअभावी गळाली, की दुसरी सहजासहजी तयार होत नाही. महिन्याच्या चार बैठकींपैकी एक तरी हाडामांसाच्या साथीदारांसह व्हावी, एवढा नेम कोणत्याही मंडळाला जड जाऊ नये.

तिसरी गोष्ट नव्याची. रसिकांच्या गप्पा जुन्याभोवती फिरतात हे स्वाभाविक आहे, पण सारेच कार्यक्रम जुन्याभोवती फिरू लागले तर नव्या कवी-संगीतकारांनी जावे कोठे? ज्या पदांची आज आपण शताब्दी साजरी करतो, तीही एके काळी नवीन होती आणि कोणी तरी पहिल्यांदा पैसे मोजून ती ऐकायला गेले होते. रत्नागिरीत खल्वायनसारख्या संस्थेने संगीत नाटकाची आणि मैफलींची वाट रुळती ठेवली, आर्ट सर्कलने थिबा राजवाड्याच्या आवारात संगीत महोत्सव भरविले. अशा ठिकाणी जमणारा श्रोता जाणता आहे. त्याने जुन्याची फर्माईश करावीच, पण दोन नव्या रचनाही हट्टाने ऐकाव्यात.

मग करावे काय? फार खर्चाचे असे काहीच नाही. आयोजकांनी कार्यक्रमपत्रिकेवर प्रत्येक गाण्यापुढे कवी, संगीतकार, प्रथम गायक आणि वर्ष छापावे. जुन्या नाटकांच्या पुस्तकांतली 'चाल'ची ओळ अशा रीतीने पुन्हा सुरू व्हावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना दिवाळीच्या सुटीत एक काम द्यावे: घरातल्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाला त्यांनी प्रत्यक्ष ऐकलेल्या एखाद्या मैफलीविषयी विचारावे आणि तिचे ठिकाण, साल, गायक, साथीदार, तिकिटाचा दर, कोणत्या गाण्याला वन्स मोअर मिळाला, हे सारे लिहून आणावे. भाट्याच्या खाडीवर पूल नव्हता तेव्हा पलीकडच्या नाटकासाठी तरीची वाट पाहावी लागे. रात्रीच्या प्रयोगानंतर माणसे परत कशी येत, हेही त्यात यावे, कारण ऐकण्यासाठी केलेला खटाटोप हाही संगीताच्या इतिहासाचाच भाग आहे. कार्यालयांतल्या लेखनिक मंडळींना नोंद कशी ठेवावी हे सांगण्याची गरज नाही. त्यांनी आपल्या गावच्या गणेशोत्सवाच्या जुन्या हिशेबवह्या चाळल्या, तर कोणत्या साली कोणाचे गाणे झाले व त्याला किती बिदागी दिली, याचा पक्का पुरावा हाती लागेल. आणि ज्यांच्या माळ्यावर घरगुती बैठकींच्या कॅसेट धूळ खात पडल्या असतील, त्यांनी त्या तत्परतेने नव्या माध्यमावर उतरवून घ्याव्यात. कोकणच्या दमट हवेत फितीला बुरशी चढायला वेळ लागत नाही. आकाशवाणीचे रत्नागिरी केंद्र १९७७ मध्ये सुरू झाले. त्याच्या ध्वनिमुद्रिकांतून या जिल्ह्याचे जे आवाज जतन झाले असतील, ते अभ्यासकांना खुले करण्याचाही विचार व्हावा.

मूळ श्रेष्ठ की पुनर्गायन श्रेष्ठ, हा वाद चालू राहावा. त्याचा निकाल लागण्यात कोणाचेच हित नाही. मात्र वाद घालणाऱ्याने आपल्या बाजूचा पुरावा मागे ठेवावा, एवढे मागणे रास्त आहे. 'तुम्ही त्यांना ऐकलेच नाही' हे वाक्य प्रत्येक पिढी पुढच्या पिढीला ऐकवीत आली आहे. त्या वाक्यात अभिमान असतो, पण ते बोलणाऱ्यावर एक जबाबदारीही येते. आपण ऐकले असेल तर काय ऐकले ते सांगावे, आणि ज्याने ऐकले नाही त्याला गाऊन पाहू द्यावे. त्याचा सूर कदाचित हलेल. पण तो गप्प बसला, तर त्याच्यानंतरच्याला हलण्यापुरताही सूर सापडणार नाही.